अनुभव किती? वर्षांत लिहा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं डीटीपीचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं. पण खरा धंदा बायोडेटांचा आणि अनुभवाच्या दाखल्यांचा. शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम. ए. केलं, त्याचा आजवर झालेला उपयोग म्हणजे 'दिस इज टू सर्टिफाय दॅट' हे वाक्य मी डोळे मिटून टाइप करू शकतो.

गेल्या पावसाळ्यात एक मोल्डर मामा, म्हणजे फौंड्रीत ओतकामासाठी वाळूचे साचे करणारे, दुकानात आले. वय साठीला टेकलेलं, अंगावर खाकी शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. एका प्रशिक्षण संस्थेत मोल्डिंग शिकवायला माणूस हवा होता. फॉर्म इंग्रजीत, म्हणून माझ्याकडे आणलेला. नाव झालं, पत्ता झाला, आधार झालं. मग रकाना आला : 'टोटल एक्स्पीरियन्स, वर्षांत, पुरावा जोडा.'

"लिही की मास्तर, पंच्याऐंशी सालापासनं."

"लिहितो मामा, पण दाखला लागतोय."

"कसला दाखला? पयल्या फौंड्रीत सोळा वर्षं काढली. ती बंद पडली, मालक वारला, पोरगं पुण्याला. त्यानंतर सगळं ठेक्यावर. ठेकेदार कागद देतोय व्हय?"

पिशवीत एक जुनी पीएफची चिठ्ठी निघाली. तिच्यावरचं आडनाव चुकलेलं. आम्ही ती स्कॅन करून लावली. आठवड्यानं मामा परत आले ते उत्तर घेऊनच. तिथल्या खिडकीतल्या माणसानं सरळ सांगितलं होतं की, कागद नसेल तर अनुभव शून्य धरावा लागेल.

हा शून्य माझ्या डोक्यात बसला तो अजून उठलेला नाही. नियमानं ते बरोबरच होतं, त्या खिडकीतल्या माणसावर माझा राग नाही. पण ज्या शब्दाच्या नावानं हा हिशेब चालतो तो शब्द मुळात काय म्हणत होता, हे एकदा नीट बघावं म्हणून मी जुने शब्दकोश काढले. बघितल्यावर माझं मत असं झालं की आपण 'एक्स्पीरियन्स' हा शब्द घेतला, पण त्याच्या पोटातली परीक्षा बाहेर फेकून दिली. एका हातानं आपण तो वर्षांच्या मापानं मोजतो, दुसऱ्या हातानं तिकीट लावून विकतो. ज्याच्याकडे तो खराखुरा आहे, तो माणूस या दोन्ही हातांच्या मधून खाली पडतो.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. 'एक्स्पेरीरी' म्हणजे करून बघणे, कस लावून बघणे. त्यावरून 'एक्स्पेरिएन्शिया', तिथून जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत 'एक्स्पीरियन्स'. त्याच घरातला 'एक्स्पर्ट', म्हणजे ज्यानं करून बघितलंय तो. त्याच घरातला 'एक्स्पेरिमेंट'. सुरुवातीला तर एक्स्पीरियन्स आणि एक्स्पेरिमेंट यांत इंग्रज माणूस फारसा फरकच करत नसे. फ्रेंचमध्ये आजही 'एक्स्पेरिआंस' हा एकच शब्द प्रयोगशाळेतल्या प्रयोगालाही चालतो आणि आयुष्यातल्या अनुभवालाही. अरबीत 'तज्रिबा' असाच दुहेरी आहे. हिंदी सिनेमातला तजुर्बा तोच.

या घराण्याची दुसरी शाखा जास्त मजेची आहे. लॅटिनमध्ये 'पेरिकुलुम' म्हणजे आधी चाचणी, मग जोखीम, मग धोका. इंग्रजीतला 'पेरिल' तिथला. आणि ग्रीक बाजूनं बघितलं तर 'पेइरा' म्हणजे प्रयत्न, चाचणी, आणि 'पेइरातेस' म्हणजे धाडस करून हल्ला करणारा. तोच 'पायरेट'. म्हणजे ज्या शब्दाचा दाखला मी चाळीस रुपयांत टाइप करून देतो, त्याचा चुलतभाऊ समुद्रावरचा चाचा आहे. जोखीम घेतल्याशिवाय अनुभव येत नाही, हे त्या शब्दाच्या हाडातच होतं.

इंग्रजी साहित्यात या शब्दाला मोठा मान पहिल्यांदा मिळाला तो एका बाईच्या तोंडून. चॉसर हा कवी १४०० साली वारला. त्याच्या कँटरबरीच्या कथांतली बाथ गावची पाच लग्नं केलेली बाई आपलं बोलणं 'एक्स्पीरियन्स' याच शब्दानं सुरू करते. तिचं म्हणणं असं की, जगात कुठला आधारग्रंथ नसता तरी लग्नातल्या हालांबद्दल बोलायला माझा अनुभव मला पुरे. समोर धर्मपंडित, लॅटिन पोथ्या, आणि बाईकडे एकही कागद नाही. मोल्डर मामांचा फॉर्म तिनं भरला असता तर तिथंही शून्यच लागला असता.

आता आपल्या शब्दाकडे. अनु म्हणजे मागोमाग, भू म्हणजे होणे. एखादी गोष्ट होते आणि तिच्या मागोमाग आपणही काहीतरी होतो, तो अनुभव. एक्स्पीरियन्समध्ये माणूस वस्तूला कस लावतो. अनुभवात वस्तू माणसाला बदलते. हा माझा अर्थ, व्याकरणकार म्हणतील की मास्तर ताणतोय. पण मराठीची एक गंमत मात्र ताणलेली नाही. इंग्रजीत साठलेलं ज्ञान एकवचनी 'एक्स्पीरियन्स' आणि घडलेले प्रसंग अनेकवचनी 'एक्स्पीरियन्सेस' असा भेद दाखवता येतो. मराठीत अनुभव एक असो की छप्पन्न, रूप तेच. म्हणून आपण तो भेद क्रियापदावर टाकतो. 'त्याला अनुभव आहे' म्हणजे तो जाणकार. 'मला अनुभव आला' म्हणजे बहुधा वाईटच आला. चांगला आला की आपण तसं वेगळं सांगतो. 'आम्हाला आहे त्यांचा अनुभव' हे भाऊबंदकीच्या गप्पांत आलं तर पुढं विचारायचं नसतं. आणि तिसरं, 'अनुभव घ्या.' हे क्रियापद जुनंच, संतांनीही अनुभव घ्यायलाच सांगितलं. पण फ्लेक्सवर, आज्ञार्थी, खाली मोबाइल नंबर, हे आपल्या डोळ्यांदेखत आलंय.

या तिसऱ्याबद्दल आधी बोलतो, कारण तो माझ्या पोटापाण्याचा भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी एकानं माहितीपत्रक करायला दिलं. शेतातल्या गुऱ्हाळाशेजारी त्यानं पर्यटकांसाठी सोय केली होती. मजकूर इंग्रजीत आणि मराठीत, आणि एका पानात 'एक्स्पीरियन्स' आठ वेळा. गुऱ्हाळ एक्स्पीरियन्स, बैलगाडी एक्स्पीरियन्स, चुलीवरच्या जेवणाचा एक्स्पीरियन्स. दीड तासात सगळे एक्स्पीरियन्स. मी फोटो निवडायला तिथं गेलो होतो. काहिलीशेजारी गुळव्या उभा होता. रस उकळतोय, भेंडीचा रस टाकून मळी वर आणलेली, ती काढून झालेली, आणि आता पाक घट्ट व्हायला लागलेला. गुळव्या काहिलीतला पाक थेंबभर पाण्यात टाकायचा, बोटांत घेऊन गोळी वळायचा, चिमटून बघायचा, पुन्हा काहिलीकडे बघायचा. पाक साधारण एकशे अठरा अंश सेल्सिअसला गुळाच्या जोगता होतो, हे पुस्तकात आहे. थोडं अलीकडं उतरवला तर ढेप बसत नाही, थोडं पलीकडं गेला तर जळका वास आणि काळपट रंग. गुळव्याच्या हातात थर्मामीटर नव्हता. चुलवाणात जाळ घालणाऱ्याला त्यानं मानेनंच खूण केली, जाळ ओढला गेला, काहील उतरली. एवढ्यात एका पाहुण्यानं त्याला जरा बाजूला सरकायला सांगितलं, फ्रेममध्ये येत होता म्हणून.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गुळाला मिळालं, हे छानच झालं. गुळव्याला काय मिळालं, हे त्या गुळव्यालाच विचारा. ज्याच्या बोटांत ती गोळी आहे त्याचा अनुभव कागदावर नाही, आणि जो दीड तास उभा राहून रस प्यायला त्याला एक्स्पीरियन्सची पावती मिळते, जीएसटीसकट.

हा काही कोल्हापूरचा शोध नाही. १९९८ मध्ये पाइन आणि गिलमोर या दोन अमेरिकन सल्लागारांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडलं की माल विकून झाला, सेवा विकून झाली, आता कंपन्यांनी अनुभव विकावेत. त्याच्या काही वर्षं आधी अ‍ॅपल कंपनीत डोनाल्ड नॉर्मन यांच्या हुद्द्यातच 'यूजर एक्स्पीरियन्स' हे शब्द आले होते. माझ्या दुकानातला पहिला कॉम्प्युटर विंडोज एक्सपीवर चालायचा, २००१ सालची ती. त्यातला एक्सपी म्हणजे एक्स्पीरियन्सच, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आणि आमचा पुतण्या मोबाइलवर गेम खेळताना ओरडतो, "काका, माझे एक्सपी वाढले!" ते एक्सपी म्हणजे एक्स्पीरियन्स पॉइंट्स. राक्षस मारला की इतके, दरवाजा उघडला की इतके, आकडा भरला की वरची पायरी. आपल्या नोकरभरतीचा कारभार मला हुबेहूब त्या गेमसारखा दिसतो. फक्त गेममध्ये राक्षस खरोखर मारावा लागतो.

आता दाखल्याकडे येतो. माझ्या हातून हजारो गेले असतील. त्यात असतं काय? अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक पदावर, वर्तणूक समाधानकारक, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्या माणसाला काय येतं, याचा एक शब्द नसतो. मी कधी मालकाला विचारलं की, साहेब, हा कोअर, म्हणजे साच्यातला वाळूचा गाभा, चांगला करतो असं घालू का, तर उत्तर ठरलेलं : "नको, उगाच अडकायला नको." म्हणजे आपला अनुभवाचा दाखला हा अनुभवाचा नसतोच, तो हजेरीचा असतो. दोन तारखांमधलं अंतर. लोणचं किती दिवस बरणीत होतं एवढं त्यावरून कळतं. मुरलं की बुरसलं, हे बरणी उघडल्याशिवाय कसं कळणार?

मराठीत यासाठी दोन वेगळी विशेषणं आहेत आणि आपण ती सहज वापरतो. मुरलेला आणि कसलेला. मुरायला काळ लागतो. कसायला परीक्षा लागते. कस म्हणजे सोनं दगडावर घासून बघणं; कसोटी म्हणजे तो दगड; आणि संस्कृतमध्ये त्याच दगडाला म्हणतात निकष. जाहिरातीत 'पात्रतेचे निकष' असा मथळा मी रोज टाइप करतो आणि खाली घासायचा दगड कुठंच नसतो. खाली असतात वर्षं. 'एक्स्पेरीरी'ला खरा मराठी प्रतिशब्द कसणे हाच आहे, आणि तो वापरायला या गावाइतकी चांगली जागा दुसरी नाही. खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, १९१२ मध्ये पुरं झालं. तिथं आजवर कुठल्या पैलवानाला कुणी अनुभवाचा दाखला मागितलाय? वस्ताद मान बघतो, हात बघतो, सलामीला पाय कसा टाकतो ते बघतो, आणि जोड लावतो. पुढचं माती सांगते. कसलेला मल्ल हा शब्द तिथला.

मोल्डर मामांचा कस मी बघितला, तोही सांगितला पाहिजे. त्या शून्याच्या प्रकरणानंतर मी त्यांच्याबरोबर ते काम करत होते त्या छोट्या फौंड्रीत गेलो. बाहेर पाऊस लागलेला. पत्र्याच्या शेडमध्ये वाळूचा ढीग. त्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती, कोळशाची पूड आणि पाणी मिसळलेलं. मामांनी मूठभर वाळू उचलली, घट्ट दाबली, मूठ उघडली. ढेकळावर चारी बोटांचे ठसे स्पष्ट उठले होते. मग दोन्ही हातांनी ते ढेकूळ मधोमध मोडलं. मोडलेली कड भुरभुरली असती तर वाळू कोरडी. तळहाताला चिकटली असती तर ओली. कड करकरीत होती, पण मामा म्हणाले, "पाणी वाईच जास्त हाय." मला दोन्ही कडा सारख्याच दिसत होत्या. "कशावरनं मामा?" त्यांनी ते ढेकूळ माझ्या हातात दिलं. "गार लागतंय का न्हाय?" लागत होतं. एवढंच. पावसाळी हवेत वाळू धरते तेवढं पाणी नेहमीच्या मापात मोजलं गेलं नव्हतं. जास्तीचं पाणी म्हणजे चौदाशे अंशाच्या आसपासचं वितळलेलं लोखंड आत गेल्याबरोबर वाफ, आणि वाफेला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये ब्लो होल. वरून माल देखणा, मशीनवर चढवला की आत भोक. सगळी हीट, म्हणजे एका वेळचं सगळं ओतकाम, रिजेक्शनमध्ये.

मोठ्या फौंड्रीत हे काम लॅब करते. वाळूतलं पाणी, तिच्यातून हवा किती जाते, ती किती दबते, सगळ्याचे आकडे येतात. लॅब नको असं मी म्हणणार नाही, उलट हवीच. आणि इथंच मला माझ्या बाजूच्या लोकांशीही थोडं भांडायचं आहे. कारण 'अनुभवी माणूस' म्हटलं की आपण लगेच हात जोडतो, तेही मला पटत नाही.

इंग्रजीत 'एम्पिरिक' हा शब्द आहे, त्याच ग्रीक 'पेइरा'पासून आलेला. आज 'एम्पिरिकल' म्हटलं की शास्त्रशुद्ध, पुराव्याचं असा मान आहे. पण सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एम्पिरिक ही शिवी होती : ग्रंथ न वाचता नुसत्या अनुभवावर औषध देणारा भोंदू वैदू. त्या वैदूंमुळं किती बरे झाले आणि किती गेले कोण जाणे, पण शिवी अगदीच बिनबुडाची नसणार. आपल्याकडे न्यायशास्त्रानं, म्हणजे कोर्टाच्या नव्हे, जुन्या तर्काच्या शास्त्रानं, तर हे फार आधी ओळखलं. तर्कसंग्रहात अन्नंभट्ट ज्ञानाचे दोन भाग करतो, स्मृती आणि अनुभव, आणि लगेच अनुभवाचेही दोन भाग करतो : यथार्थ आणि अयथार्थ. शिंपला बघून चांदी वाटली, तोही अनुभवच, पण अयथार्थ. अनुभव चुकीचा असू शकतो ही गोष्ट संस्कृतच्या पहिल्या इयत्तेतल्या पोरालाही शिकवली जायची.

मामांनीच सांगितलेली गोष्ट. त्यांच्या पहिल्या फौंड्रीत एक जुना मिस्त्री होता, कामाला तीस वर्षं झालेला. त्याचा ठाम समज की कोळशाची पूड जितकी जास्त तितकं कास्टिंग गुळगुळीत. थोड्या पुडीनं पृष्ठभाग चांगला येतो हे खरं. पण हा घमेलीच्या घमेली टाकायचा, मग जास्तीचा गॅस होऊन माल फुगायचा, आणि हा दोष द्यायचा लोखंडाला. त्याला कुणी बोलायचं नाही, कारण तीस वर्षं. "वर्षं बघून कोण गप बसलं की माल बिघडतोय," मामा म्हणाले. ज्यांना स्वतःला वर्षं दाखवता आली नाहीत, त्यांनीच हे म्हणावं.

म्हणजे वर्षांचं माप दोन्हीकडून फसवतं. तीस वर्षं चुकणाऱ्याला ते पास करतं, आणि बरोबर करणाऱ्याला कागद नाही म्हणून शून्य देतं. शिवाय पोरांचं वेगळंच. दुकानात येणाऱ्या डिप्लोमाच्या पोरांना सगळीकडे किमान दोन वर्षं अनुभव मागतात. नोकरी लागल्याशिवाय अनुभव नाही, अनुभवाशिवाय नोकरी नाही. नांगरट झाल्याशिवाय पेरू नको आणि पेरल्याशिवाय बैल मिळणार नाहीत, असा कारभार. त्यावर सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ, पदवीधराला दहा; मुदत आधी सहा महिने, नंतर अकरा. हेतू चांगला. पण त्या पोरांचे दाखलेही मीच लॅमिनेट करून दिलेत. पुन्हा तेच, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. एका पोरीला विचारलं, काय शिकलीस? म्हणाली, "सर, आवक-जावक." रजिस्टर लिहिणं वाईट नाही, पण अकरा महिन्यांचं?

मामांसारख्यांसाठी सरकारकडे काहीच नाही असंही नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत एक भाग आहे, ज्याला आधीपासून काम येतं त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचा. इंग्रजीत त्याला आरपीएल म्हणतात. कल्पना माझ्या मते अगदी मुळाला धरून आहे : किती वर्षं केलंस ते राहू दे, करून दाखव. पण परीक्षा दिलेल्या माणसाचा कागद घेऊन पुढं ज्या जाहिरातीला जायचं, ती जाहिरात अजून वर्षंच मागते. एका खात्यानं कस लावायचा आणि दुसऱ्यानं तो मोजायचा नाही, असा व्यवहार.

आणखी एक गोष्ट, जी शोधताना मी खुर्चीत ताठ बसलो. १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा, आणि त्याखालचे १९७१ चे केंद्रीय नियम. त्यांत लिहिलेलं होतं की काम सुटताना ठेकेदारानं कामगाराला सेवेचा दाखला द्यावा. त्याचा नमुनासुद्धा नियमांत छापलेला. माझं दुकान भर उद्यमनगरात. लेटरहेड, बिलं, चलनं, वाढदिवसाचे फ्लेक्स, ठेकेदारांचं सगळं माझ्याकडे येतं. इतक्या वर्षांत तो नमुना टाइप करून घ्यायला एकही ठेकेदार आलेला नाही. त्यामुळे त्या खिडकीतला शून्य हा मामांचा नव्हताच. तो दुसऱ्या कुणाच्या तरी न केलेल्या कामाचा होता, मामांच्या नावावर टाकलेला.

वरच्या मजल्यावर मात्र दार उघडलंय. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' अशी सोय केली. उद्योगात, कलेत, प्रशासनात किमान पंधरा वर्षं नाव कमावलेल्या माणसाला पदवीची अट न लावता विद्यापीठात शिकवायला बोलावता येतं. मला हे मनापासून आवडलं. फक्त प्रश्न असा की कंपनीचा मोठा अधिकारी पदवीशिवाय प्राध्यापक होऊ शकतो, तर मोल्डर मामा दाखल्याशिवाय मोल्डिंगचे मास्तर का होऊ शकत नाहीत? बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये याच गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला. कुठल्या शाळेत शिकले होते ते? घरातलं कोरीवकाम, पडदे रंगवणं, आणि करून बघणं, मोडणं, पुन्हा करणं. लॅटिन अर्थानं शुद्ध एक्स्पीरियन्स. आज ते फॉर्म भरायला माझ्याकडे आले असते तर त्या रकान्यात मी काय लिहिलं असतं?

आणि शेजारच्या कर्नाटकातल्या कल्याणला बाराव्या शतकात बसवण्णांच्या काळी शरणांची, म्हणजे शिवभक्त संतांची, जी बैठक होती, तिचं नावच अनुभवमंटप. आपल्याकडे कागलच्या पुढं गेलं की कानडी सुरू होते, आणि कोल्हापुरातल्या लिंगायत घरांत हे नाव आजही सहज निघतं. त्या मंडपात नावाडी चौडय्या होता, मडिवाळ म्हणजे परीट माचय्या होता, चांभार हरळय्या होता, सांडलेल्या, वेचलेल्या तांदळावर जगणारी लक्कम्मा होती. आपापल्या कामातनं जे कळलं ते प्रत्येकानं मांडायचं, आणि बाकीच्यांनी ते उलटसुलट तपासायचं. नुसतं मांडून सुटका नव्हती. अध्यक्षस्थानी अल्लमप्रभू, इकडं आळत्याच्या डोंगरावर ज्यांच्या नावाचं ठाणं आहे ते. आणि त्यांच्या आसनाला म्हणत शून्य सिंहासन. शून्याला तिथं केवढा मान होता बघा.

मागणी माझी फार मोठी नाही. जिथं हाताचं काम आहे तिथल्या प्रत्येक जाहिरातीत एक ओळ वाढवावी : दाखला नसेल त्याची प्रात्यक्षिक परीक्षा घेतली जाईल. दाखला असेल त्याचीही घ्यावी, पण ते पुढचं. खर्च येईल, वशिला तिथंही शिरेल, परीक्षा घेणारा कोण यावरून भांडणं होतील, सगळं मान्य. पण मुठीत दाबलेली वाळू कुणाचा पुतण्या आहे ते ओळखत नाही.

मामांनी पुन्हा फॉर्म भरला नाही. म्हणाले, जाऊ दे मास्तर, शिकवायचं म्हणजे पोरांनी हात वाळूत घालायला पायजे, ती काय घालायची न्हाईत. मला ते उत्तर पटलं नाही, पण त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मागच्या महिन्यात एका छोट्या फौंड्रीचे मालक जाहिरात करायला आले. मोल्डर पाहिजे. विचारलं, अनुभव किती घालू? म्हणाले, तुम्हीच सुचवा मास्तर. मी टाइप केलं : 'मोल्डर पाहिजे. सोमवारी सकाळी आठ वाजता कामाच्या कपड्यांत या. वाळू आमची, हात तुमचे.' त्यांनी स्क्रीनवर दोनदा वाचलं, हसले, म्हणाले, झकास आहे, हेच ठेवा. पैसे दिले, पायरी उतरले, आणि मग दारातून मागे वळून म्हणाले,

"तेवढं खाली कंसात 'किमान पाच वर्षं' टाकाच."